रिकाम्या गाडीचं वजन

कळमनुरीच्या एका जिनिंगमधून निरोप आला:
सर, तुमची लायब्ररी बसत नाही.
रात्री अकराला लावली होती, पहाटे चारला
मशीनच झोपलं. लाल अक्षरांचा फोटो पाठवतोय.
हणमंत दुधमल, काटा ऑपरेटर.

फोटो तिरपा. पडद्यावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ,
कोपऱ्यात चहाचा ग्लास, आणि मधोमध
माझीच चूक, माझ्याच नावाच्या फोल्डरात.

जालन्यात, भोकरदन नाक्याजवळच्या खोलीत
मी यादी उघडली.
लायब्ररी एवढीशी. सीमध्ये लिहिलेल्या
दोनशे बारा ओळी.
वजनकाट्याच्या वायरीतून येणारे बाइट पकडायचे,
शेवटचा अंक तपासायचा,
पायथनच्या हातात किलो ठेवायचे. बस.
आणि एवढ्याशा कामासाठी
बांधणीच्या यादीत मी अख्खं नमपाय मागत होते;
म्हणजे चिमणीला घरटं करायचं
तर आधी सिमेंटचा कारखाना उभा करा.

हणमंतचं मशीन जुनं. त्याच्या मापाचा तयार माल
आता कुणी ठेवत नाही.
म्हणून ते बिचारं मोबाइलच्या नेटवर, दोन जीबीत,
रात्रभर कारखानाच उभारत बसलं.

कशाला मागितलं होतं मी?
नोंदी उलटत मागं गेले. सहा वर्षांपूर्वीचा मार्च.
तेव्हा हजार वजनं एकदम द्यायची हौस होती,
अ‍ॅरे हवा होता.
जूनमध्ये तो मीच काढला, साधी लिस्ट ठेवली.
हेडरची एक ओळ तेवढी राहिली,
तिच्यासाठी सेटअपमधली एक,
आणि त्या दोघींसाठी यादीतलं नाव.
पाहुणा कधीच गेला होता,
अंथरूण रोज पडत होतं.

शोध दिला. शून्य.
स्पेलिंग बदलून दिला. शून्य.
तरी खोडायच्या बटणावर बोट थांबलं.
इतकी वर्षं उभं आहे म्हणजे
काहीतरी टेकलं असेलच ना त्याला?

अब्बांनी एकोणीस वर्षं अंबड रोडला धर्मकाटा चालवला.
म्हणायचे, रिकामी गाडी कोन्चीच रिकामी नस्ते, बेटा.
एका ट्रकचं रिकामं वजन
दर खेपेला कागदापेक्षा बावीस किलो जास्त.
शेवटी स्वतः वर चढले.
केबिनच्या मागं, ताडपत्रीखाली, एक काळा दगड.
कुठल्याशा चढावर कुणीतरी चाकाला लावलेला
आणि मग आत टाकलेला.
त्यानंतर तीन ड्रायव्हर बदलले. प्रत्येकाला वाटलं,
आधीच्यानं ठेवलाय, कामाचा असेल.

मी तीन ओळी खोडल्या.
जुनी बांधणीही पुसली, ती खोटी साक्ष देते.
कोऱ्या जागेत पहिल्यापासून सुरू केलं.
कुठंतरी काहीतरी पडेल,
भांडं वाजेल, असं उगाच वाटत राहिलं.
नऊ सेकंद.
चाचण्या एक्केचाळीस, सगळ्या हिरव्या.
बाहेर सळयांनी भरलेली गाडी गेली, तेवढी खिडकी हादरली.

नोंदीत लिहिलं: वापर नव्हता. काढलं.
पुढं जोडलं, चूक माझी होती.
मग लाज वाटून ते खोडलं,
मग त्याचीही लाज वाटली, परत लिहिलं.

दुपारी हणमंत: झालं सर. चहा गार व्हायच्या आत झालं.
खाली चिठ्ठीचा फोटो, यंदाची पहिली कापसाची गाडी,
आणि फोटो या वेळी सरळ.
सर नाही, मॅडम,
असं टाइप केलं, पाठवलं नाही.
त्याच्या दारात रांग लागलेली असेल.

तो दगड?
अब्बांनी काट्याच्या बाहेर उतरवला,
गाडीचं नवं रिकामं वजन वहीत चढवलं.
चौथ्या दिवशी ड्रायव्हर परत आला, घाईघाईनं.
चाचा, माझा दगड?
कुठं लागतो रे तुला?
तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला.
लागत तर न्हाई कुठं. पन हाय का?
होता.
अब्बा त्याच्यावरच बसले होते.